सोसायटीचे नियम बदलताना

प्रश्न: आमच्या ६० सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत कार्यकारी समितीने पार्किंगचे नवे नियम आणि दंड फलकावर लावले. ते आम्हाला बंधनकारक आहेत का?

उत्तर: नुसत्या फलकावरून नाहीत. आधी संस्थेची नोंदणीकृत उपविधी, म्हणजे संस्थेची लिखित नियमावली, उघडून पाहा. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगची नियमावली सर्वसाधारण सभा ठरवते, समिती फक्त अंमल करते. दंडाचा दरही सभेनेच ठरवायचा असतो, आणि आकारण्यापूर्वी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. ही पायरी गाळली की वसुली वादात अडकते.

उपविधीचा मजकूरच बदलायचा असेल तर वाट लांबची आहे. सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्या; त्यात सूचना पाठवल्याचा आणि सभेचा दिवस मोजू नका. सोबत जुना मजकूर, नवा मजकूर आणि बदलाचे कारण शेजारीशेजारी छापा. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून दुरुस्ती आणणे हा सभासदांवर अन्यायच आहे. ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात: ४५ जणांनी मत दिले तर किमान ३०. इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ एवढेच न लिहिता बाजूची आणि विरोधाची मते आकड्यांत नोंदवा. सभेनंतर दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे (सहकारी संस्थांची नोंदणी करणारे सरकारी अधिकारी) अर्ज करा. त्यांनी दुरुस्ती नोंदवेपर्यंत जुनाच नियम चालू राहतो.