भाच्याने पाठवलेला डबा आणि कस्टमचं समन्स

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांच्याकडे परवान्यावरची १२ बोअरची पंप ॲक्शन बंदूक आहे. आधी ते ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरायचा खेळ, खेळायचे. आता प्रॅक्टिकल शॉटगनचं वेड लागलंय, म्हणजे पळत पळत निशाणे पाडायचे आणि घड्याळ चालू असतानाच काडतुसं भरायची. अमेरिकेतला भाचा हेच खेळतो. त्याने मामासाठी मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची, लांब नळी, काडतूस वर उचलणारा रुंद केलेला लिफ्टर आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या काडतुसांच्या क्लिपा, सगळं एकाच डब्यात भरून पाठवलं. डब्यावर लिहिलं 'खेळाचं सामान'. डबा मुंबईत अडकला आणि मामांना कस्टमचं समन्स आलं. इकडे एक ओळखीचा मिस्त्री म्हणतो, नवा भाग कशाला, आहे त्याच बंदुकीचं भरायचं तोंड घासून मोठं करून देतो, हवी तर बंदुकीची नळीही कापून साडेअठरा इंचांवर आणतो. विचारतात, 'माल नको असं लिहून दिलं की सुटलो ना? आणि मिस्त्रीकडून काम करून घ्यायला हरकत आहे का?'

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे अजून काही बिघडलेलं नाही. मिस्त्रीला आजच फोन करून नाही म्हणा.

अमेरिकेत १८ इंचांची नळी कायद्यात बसते, हे तुमच्या भाच्याचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बोअरची (तुमच्यासारखी, नळीला आतून खाचा नसलेली) बंदूक थेट पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित वर्गात जाते. करवतीच्या चार फेऱ्यांत तुमचा साधा परवाना त्या बंदुकीसाठी कागदाचा कपटा होईल. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ६ विनापरवाना नळी आखूड करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बंदूक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेण्यालाही. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. शर्यतीतले दोन सेकंद वाचवण्यासाठी हे फारच महाग पडेल.

भरायचं तोंड घासणं एवढं उघडउघड नाही. ते का घासतात हे मला एका अशिलाने माझ्याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून दाखवलं होतं. बंदूक उलटी धरायची, दोन-दोनच्या जोडीने चार काडतुसं एका बचक्यात घ्यायची आणि अंगठ्याने आत रेटायची. कारखान्यातून आलेल्या तोंडाची कड अंगठा सोलते आणि लिफ्टर नखात चावतो. त्याच्या अंगठ्यावरची काळी रेघ मला अजून आठवते. खेळाडूला ही सुधारणा किरकोळ वाटते, आणि बंदुकीचा वर्ग त्याने बदलत नाही हेही खरं. पण कलम ५ वेगळं आहे. बंदुकीत फेरफार करणं आणि ती दुरुस्त करणं, दोन्हींना परवाना लागतो. मिस्त्रीकडे तो आहे का, हे तुम्ही विचारलंच नाही असं दिसतंय. कड घासणं म्हणजे फेरफार नव्हे, असा युक्तिवाद मी कोर्टात जरूर करीन. फक्त तो जामिनाच्या अर्जावर करायची वेळ माझ्यावर आणू नका. काम करायचंच असेल तर परवानाधारक दुकानात, पावतीवर कामाचं वर्णन लिहून घेऊन, आणि त्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन, उत्तर आल्यावर.

आता डबा. तुम्ही लिहिता, 'एवढेसे भाग, त्यांनी काय गोळी सुटते?' अधिनियमाच्या व्याख्येत बंदुकीचे भाग म्हणजे बंदूकच. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, आणि कुणीतरी तुम्हाला तेवढंच वाचून दाखवलेलं दिसतं. पुढची ओळ अशी की ती सूट जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. तुमच्या कपाटात पूर्ण बंदूक आहे आणि हे भाग तिच्यावरच चढवायला मागवलेत. ती सूट तुमच्या कामाची नाही. बाहेरून आणायला कलम १० खाली परवानगी लागते, ती तुम्ही घेतलेली नाही.

पट्ट्याच्या क्लिपांचं मात्र तसं नाही. त्या तुमच्या अंगावर राहतात, बंदुकीला एक स्क्रूही लागत नाही. त्या वेगळ्या आल्या असत्या तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. एका डब्यात घालून भाच्याने त्यांनाही अडकवलं.

'नको, सोडून देतो' हा रस्ता कस्टम कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, पण ज्या मालाबाबत गुन्हा घडल्याचं दिसतं त्याला तो बंद आहे. तरीही असं पत्र जरूर द्या, तुमचा हेतू त्यातून दिसतो. त्याने प्रकरण मिटेल या भरवशावर मात्र राहू नका. माल कायमचा सरकारजमा करण्याआधी त्यांना कलम १२४ ची नोटीस द्यावी लागते. खरी लढाई तिथे आहे आणि तिथे आपण नीट उत्तर देऊ.

समन्स कलम १०८ चं आहे. जावंच लागतं. तिथला जबाब पुराव्यात येतो आणि खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा ठरतो. वकील शेजारी बसून उत्तरं सुचवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली पूलपांडी प्रकरणात तो हक्क नाकारला आहे. म्हणून तयारी इथेच करायची. भाच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. 'मामा, पाठवू का?' 'पाठव' एवढंच त्यात असेल तरी तेच तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. पुसलंत तर लपवाछपवीचा होईल. जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचा, आणि जे तुम्ही म्हटलं नाही ते खोडायला लावा. डब्यावरचं 'खेळाचं सामान' कुणी लिहिलं, तुम्हाला ते कधी कळलं, हे सरळ सांगा. अमेरिकेतून असे भाग पाठवण्याचे तिकडचे नियम भाच्याने तिकडच्याच वकिलाला विचारावेत.

या भागांसाठी राष्ट्रीय रायफल संघटनेकडून शिफारस मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. मागून बघा, पण ट्रॅप-स्कीटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पंप ॲक्शन चालतच नाही, आणि सेमी-ऑटोमॅटिकच्या मॅगझिनलाही एकाहून जास्त काडतूस बसणार नाही असा अडथळा घालावा लागतो. एका तबकडीला फार तर दोन बार. तिथे भराभर भरायचे भाग कशाला हवेत, हा प्रश्न पहिल्याच टेबलावर येईल. मला विचाराल तर मॅगझिनची लांब नळी आणि लिफ्टर भाच्याकडेच राहू द्या, तिकडे खेळायला जाल तेव्हा त्याच्या बंदुकीवर, तिथल्या नियमांत वापरा. इथे क्लिपा आणि बिनदारूची डमी काडतुसं घेऊन हाताचा सराव करा. तुमच्या जुन्या ट्रॅपवाल्या हाताला तोच आधी हवाय.

तुमच्या पत्राच्या शेवटी बंदुकीवर आधीच बसलेल्या एका जुन्या भागाचा उल्लेख आहे. तो मी वर मुद्दाम घेतलेला नाही, आणि तुम्हीही यापुढे कुठे लिहू नका. समन्सच्या तारखेआधी ऑफिसला या. मूळ परवाना, दुकानाची पावती आणि फोन आणा. बंदूक घरीच, कुलपात राहू द्या.