इम्युनॉलॉजी शिकायचीय, पण कुठे?

प्रश्न : ताई, मी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीबद्दल वाचल्यापासून इम्युनॉलॉजीनं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या शास्त्रानं, डोकं व्यापलंय. पण फक्त इम्युनॉलॉजीची एमएस्सी आमच्या भागात कुठेच नाही. बाबा म्हणतात, फार्मा कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लाग, आणखी दोन वर्षं कशाला? एमएस्सी करून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : स्वतंत्र इम्युनॉलॉजीची एमएस्सी शोधत बसू नकोस. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी एमएस्सी मायक्रोच्या पोटात एक-दोन पेपरांपुरता येतो. खरं शिक्षण होतं ते प्रोजेक्टमध्ये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा क्रेडिट प्रोजेक्टला आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या विभागात जा आणि गेल्या वर्षीच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट मागून चाळ. सगळीकडे ‘मातीतून जिवाणू वेगळे केले, त्यांचं एन्झाइम तपासलं’ एवढंच दिसलं, तर तिथली इम्युनॉलॉजी फळ्यावरच राहते असं समज. काम वाईट नाही ते, माझा स्वतःचा प्रोजेक्टही तसलाच होता. पण तुला हवंय ते वेगळं. एलायझा (प्रतिपिंडं मोजण्याची चाचणी) स्वतःच्या हातानं लावायला मिळते का? सेल कल्चरची, म्हणजे पेशी लॅबमध्ये वाढवण्याची, सोय आहे का? प्रोजेक्टसाठी मुलं बाहेरच्या संस्थेत जातात का? हे सरांना विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. त्या खरं सांगतील.

बाहेरच्या संस्था म्हणजे पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं, पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएस, पुण्यातलीच विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली, रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. एनआयव्हीत विषाणुशास्त्राची एमएस्सीही आहे. तुझ्या जागी मी असते तर पहिला अर्ज तिथे केला असता, कारण विषाणू शिकताना शरीराची प्रतिकारयंत्रणा शिकावीच लागते. शिवाय गॅट-बी आणि आयआयटीची जॅम या प्रवेश परीक्षा देऊन ठेव. त्यांतून बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीचे रस्ते उघडतात आणि तिथेही इम्युनॉलॉजी करता येते.

आता बाबांचं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. लस बनवणाऱ्या कंपनीच्या क्यूसीत मी काही वर्षं काढली आहेत. स्टरिलिटी टेस्ट (लशीत जंतू शिरले नाहीत ना, याची तपासणी) लावली की चौदा दिवस रोज नळ्या बघायच्या, गढूळपणा आला का ते. क्लीन रूममध्ये प्लेटा उघड्या ठेवायच्या, उबवायच्या, कॉलनी (जंतूंचे पुंजके) मोजायच्या. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं ताप आणणारं विष) टेस्ट करायची. आणि हे सगळं करता करता लिहायचं, कारण नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही! पगार वेळेवर, शिस्त उत्तम. मात्र लस शरीरात गेल्यावर काय करते, हा प्रश्न त्या टेबलावर येत नाही, आणि तुला तर तोच पडलाय.

हाफकिन यांचंही सांगते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत ते रश्शात प्लेगचे जंतू वाढवत होते. रश्शावर तूप तरंगत ठेवायचं, म्हणजे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढायचे. मग फ्लास्क हलवून ते पाडायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे. यातलं तूप आणि फ्लास्क वाचून तुला कंटाळा आला नसेल, तर एमएस्सी कर.

हॉस्पिटलबद्दल थोडक्यात : तिथे तंत्रज्ञ व्हायचं तर डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका लागते, मायक्रोबायॉलॉजीतली एमडी एमबीबीएसनंतरच. साध्या एमएस्सीवर तिथे विसंबू नकोस. संशोधनात जायचं तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा आहे. खुल्या गटाला एमएस्सीत ५५ टक्के हवेत. तिच्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. हा आकडा बाबांना दाखव.

आणि येत्या उन्हाळ्यासाठी आत्ताच शास्त्रज्ञांना ईमेल पाठवायला लाग. सगळ्यांना एकच मजकूर नको. त्या लॅबचा एक शोधनिबंध वाच आणि त्यातलं जे कळलं नाही ते नेमकं विचार. उत्तर नाही आलं, तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर आणि पुढच्या लॅबकडे वळ.