1969 च्या शेव्हरले सी-10 पिकअपची उंची कमी करण्यासाठी चासी कापावी लागेल का?

तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, तुमच्याकडे 1969 चा आखूड हौद्याचा शेव्हरले सी-10 आहे आणि तो पुढून चार व मागून सहा इंच खाली बसवायचा आहे. एका गॅरेजने मागच्या ॲक्सलवर चासीला सी-नॉच, म्हणजे अर्धगोल काप, मारावा लागेल असे सांगितल्यामुळे, पन्नास वर्षांहून जुनी चासी कापावी की नाही, या पेचात तुम्ही आहात. मी याच पिढीतल्या पिकअपच्या चासीचे काम करतो, म्हणून नेमके सांगतो. मागून सहा इंच उतरवायचे असेल तर नॉच लागेल. मात्र नॉच मारल्याने गाडी एक सूतभरही खाली येत नाही. गाडी खाली येते ती स्प्रिंगमुळे. चासीतला अर्धगोल काप हा खड्ड्यात चाक आपटल्यावर ॲक्सलला वर जायला जागा मिळावी एवढ्यासाठीच असतो. हे ध्यानात घेतले, की कापायचे कुठे, किती आणि कधी, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

पुढच्या बाजूला चासीला हात लावण्याचे कारणच नाही. अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वरच्या बाजूला सरकवलेला स्पिंडल) आणि दीड इंच आखूड स्प्रिंग मिळून चार इंच होतात. स्पिंडलने उतरवताना कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे, कोन मूळचेच राहतात, त्यामुळे गाडीची चाल बिघडत नाही. असे स्पिंडल बहुधा डिस्क ब्रेकसाठी बनवलेले असतात आणि तुमच्या गाडीला ड्रमच असतील, म्हणजे त्या निमित्ताने ब्रेकही सुधारतील. जुन्या स्प्रिंगा गॅसच्या ज्योतीने तापवून आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. तापवलेल्या स्प्रिंगचे पाणी उतरते आणि ती पुढे कुठे तुटेल याचा भरवसा राहत नाही.

मागच्या बाजूला मात्र सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. सी-10 ला बहुतेक ठिकाणी कमान पाट्यांऐवजी दोन लांब ट्रेलिंग आर्म (पुढे चासीला आणि मागे ॲक्सलला जोडलेले दांडे), त्यांवर कॉइल स्प्रिंगा आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड बार असतो. ही रचना इतकी चोख आहे की नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या गाड्यांनी 2021 च्या हंगामापर्यंत तिच्यावरूनच घेतलेले आर्म वापरले. स्प्रिंग आखूड केली की हे आर्म मागून वर उचलले जातात, त्यांना पक्का बांधलेला ॲक्सलही त्यांच्याबरोबर फिरतो आणि डिफरन्शिअलचे नाक खाली झुकते. त्यासाठी आर्म आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कोन असा साधावा लागतो, की ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवर (फिरत्या सांध्यांवर) एक ते तीन अंशांचे, सारखे आणि परस्परविरुद्ध कोन येतील. नाहीतर विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते. पॅनहार्ड बारचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असल्याने ॲक्सल वर येताच एका बाजूला ढळतो, म्हणून लांबी जुळवता येणारा बार घ्या. शॉकअबही मूळ जागी ठेवले तर ते तळाला टेकतात. त्यांचे ब्रॅकेट हलवावे लागतात.

हे सगळे बसवून, हौदा चढवून, टाकी भरून गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि ॲक्सलची नळी व चासीचा खालचा काठ यांतले अंतर मोजा. तीन इंचांहून कमी भरले तर नॉच हवाच. चार इंचांपर्यंत उतरवलेल्या गाडीत तो बहुधा टाळता येतो; सहा इंचांत टळत नाही. तरीही आधी मोजावे आणि मगच कापावे, कारण कापाची मध्यरेषा ॲक्सलच्या खऱ्या जागेवर यायला हवी, आणि ती जागा आर्म उचलल्यावर थोडी पुढेमागे होते.

आता प्रत्यक्ष कापण्याबद्दल, कारण खरा धोका इथेच आहे. त्या जागी चासी उलट्यासुलट्या सी अक्षरासारख्या पट्टीची असते. वाकण्याचा ताण मुख्यतः तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पाळी घेतात. मधली उभी भिंत त्या दोघींना लांब ठेवते. उभी ठेवलेली साधी लोखंडी पट्टी अर्ध्या उंचीची केली तर तिचा ताठरपणा आठव्या हिश्श्यावर येतो. नॉच मारताना आपण खालची पाळ तोडतो आणि भिंतीची उंचीही कमी करतो. म्हणून कापाच्या कमानीवरून वळवलेली नवी पाळ आणि तिला जोडलेली दीड ते दोन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड प्लेट कापाच्या दोन्ही बाजूंना चांगली पुढपर्यंत जायला हवी.

दुरुस्तीला येणाऱ्या वाईट नॉचमध्ये बहुतेक वेळा एकच खूण दिसते. कोणीतरी गॅस कटरने चौकोनी खाच पाडलेली असते, कोपरा काटकोनात असतो, आणि त्या कोपऱ्यातून गंजाची केसाएवढी तांबूस रेघ निघून भिंतीतून वर जवळच्या रिव्हेटच्या भोकापर्यंत पोचलेली असते. ती रेघ म्हणजे तडा. म्हणून काप गोलच असावा आणि त्याची कड ग्राइंडरने गुळगुळीत करावी. वेल्डिंग केल्यास प्लेटची टोके निमुळती ठेवावीत. चासीच्या पूर्ण उंचीवर उभा सरळ टाका कधीही मारू नये, कारण सगळा ताण त्याच रेषेत एकवटतो. सी-10 ची चासी साध्या सौम्य पोलादाची असल्यामुळे ती नीट वेल्ड होते. आजच्या अवजड ट्रकांच्या उष्णसंस्कारित चासीला हा नियम लावू नका. उत्तम वेल्डर हाताशी नसेल, तर ग्रेड 8 च्या बोल्टांनी, घट्ट बसणाऱ्या भोकांत आवळलेला तयार नॉच मला जास्त विश्वासाचा वाटतो.

काम करताना चासीला कापाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे घोड्या लावा, एका वेळी एकच बाजू कापा, आणि पहिली पक्की झाल्याखेरीज दुसरीला हात लावू नका. बॅटरी सोडून ठेवा. तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे; ठिणगी उडवण्याआधी ती काढून अंगणात लांब नेऊन ठेवा. चासीलगत जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांचाही आधीच बंदोबस्त करा.

कायद्याचे म्हणाल, तर कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेच्या कलम 24008 प्रमाणे 2023 अखेरपर्यंत बदल केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली येणे बेकायदा होते; हे कलम जानेवारी 2024 पासून रद्द झाले आहे. तरीही सुरक्षिततेसाठी, टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर बसली तरी ट्रेलिंग आर्म वा शॉकअबचा ब्रॅकेट रस्त्याला घासणार नाही, याची खात्री पट्टी लावून करा. हे उत्तर महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी मात्र जुन्या जीपवर वा पिकअपवर यातले काही करू नये: मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केले आहे.

गॅरेजवाल्याला होकार देण्यापूर्वी एवढे विचारा: प्लेट किती जाड, टोके कशी कापणार, आणि बंप स्टॉप (ॲक्सलचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) कुठे बसवणार. नॉचच्या आत बंप स्टॉप नसेल तर ॲक्सल लोखंडावर लोखंड असा आदळेल. या तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही, तर काम दुसरीकडे द्या.