खाच पडलेला रुपया

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यात स्टीलचा जुना मोठा रुपया आला, कडेचा नखाएवढा तुकडाच नाही. भाचा म्हणतो, टांकसाळीची चूक आहे, मोबाईलवर याचे लाख रुपये सांगतात. फोटो जोडलाय. विकू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भाच्याचं निम्मं खरं असू शकतं. लाखाचं सोडा.

फोटोत एकच बाजू आहे आणि तीही उजेडाने चमकलेली, तेव्हा पारख तुम्हालाच करावी लागेल. पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की नवी चकती आधीच्या भोकावर चढते आणि तेवढा भाग कमी पडतो. म्हणून अस्सल खाच बहुधा आत वळलेली आणि चकतीच्याच गोलाईची असते. तसाच दुसरा रुपया खाचेत टेकवून बघा. मोठी फट राहिली, तर कानशीचा संशय घ्या.

मी मात्र आधी खाचेच्या बरोबर समोरचा काठ बघतो. छाप पडण्याआधी यंत्रात दाबून चकतीची कड उचलतात. खाचेपाशी दाबायला धातूच नाही, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि काठ तिथे पुसट राहतो. कानस मारणाऱ्याच्या हे गावीही नसतं. त्याच्या नाण्याचा समोरचा काठ ठसठशीत असतो. प्रत्येक अस्सल खाचेत ही खूण मिळेलच असं नाही, पण मिळाली तर माझा विश्वास बसतो. वजनावर जाऊ नका. अख्खा रुपया ४.८५ ग्रॅमचा, कुणी कापला तरी कमीच भरणार.

खरं निघालं तर नाणी जमवणाऱ्या माणसाला समोरासमोर दाखवा. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण कसलंही कमिशन घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय.

प्रश्न : नाण्यांवर सालाखाली कुठे चांदणी, कुठे टिंब, कुठे काहीच नाही. छापायचं राहिलं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : राहिलं नाही. ती टांकसाळीची खूण आहे : चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचं, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईची. कोलकाता खूण करतच नाही. टांकसाळीची चूकच शोधायची, तर त्यापेक्षा छापा सरळ धरून नाणं उजवीकडून डावीकडे पलटा. काटाही सरळच दिसायला हवा. तिरका किंवा उलटा आला, तर दोन्ही बाजूंचे फोटो जरूर पाठवा.