रात्री ढेकर काढण्यासाठी बाळाला उठवायचं का?

साडेसहा महिन्यांच्या मुलाची आई समुपदेशनाला आली, ती झोपेअभावी पार थकलेली. बाळ अंगावर पितं, वजन छान वाढतंय, नुकताच मऊ वरणभात सुरू केलाय. अडचण रात्रीची. बाळ पिता पिताच झोपतं, पण ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवलं तर गुबारा धरेल, असं सासूबाईंचं ठाम मत. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं खांद्यावर थोपटायचं. ढेकर येत नाही, बाळ मात्र टक्क जागं होतं आणि पुन्हा पाजूनच झोपवावं लागतं.

सासूबाईंची काळजी निराधार नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळ बहुतेक वेळ आडवंच असतं, मान धरलेली नसते, गिळलेली हवा अडकून ते कळवळू शकतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ पालथं पडतं, आधाराने बसतं आणि त्या हालचालीतच हवा आपसूक वर येते. शिवाय अंगावर नीट पिणारं बाळ मुळात कमीच हवा गिळतं. रात्री पेंगत, संथ पिताना तर आणखी कमी. चंदीगडमध्ये ७१ माता आणि त्यांच्या नवजात बाळांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ढेकर काढल्याने पोटदुखीचं रडणं लक्षणीय कमी झालं नाही, उलट त्या बाळांची दुधाची गुळणी वाढली होती. तान्ह्या बाळांची ही गत, तर मोठ्या बाळाला त्यासाठी झोपेतून उठवण्यात काहीच हशील नाही.

मात्र या आईचं पाजणं पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सकाळी पान्हा जोरात फुटायचा. बाळ ठसकायचं, मध्येच सोडायचं, टिचटिच आवाज करत पुन्हा धरायचं. अशा पिण्यात हवा भरपूर जाते, तेव्हा इथे ढेकर जरूर काढावा. त्याआधी पहिली जोराची धार स्वच्छ फडक्यात जाऊ द्यायची, मग मागे रेलून बाळाला छातीवर घेऊन पाजायचं. दूध चढावर ओढावं लागल्याने वेग आवरतो. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळसर भागाचा बराचसा हिस्सा तोंडात हवा. फक्त बोंडी धरली की आवाज येणारच. नाक चोंदलं असेल तरी बाळ असंच धाप टाकत पितं.

ढेकरासाठी मांडीवर ताठ बसवा, किंचित पुढे झुकवा. एका हाताचा तळवा छातीवर, अंगठा आणि तर्जनी जबड्याखाली, गळ्यावर दाब नको. दुसऱ्या हाताने कमरेपासून वर चोळा, अधूनमधून हलकं थोपटा. दोन-तीन मिनिटं पुरेत. आला तर आला, नाही तर सोडून द्या. जोरात थोपटलं किंवा पोटात दुमडून बसवलं की हवेऐवजी दूध बाहेर येतं.

आणि ढेकराने निघते ती फक्त जठरातली हवा. नवीन अन्नामुळे आतड्यात धरणारा वारा खालूनच जातो, त्यासाठी तासभर थोपटूनही उपयोग नाही. पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर गुडघे पोटाकडे नेऊन सायकलसारखे पाय फिरवा, जागेपणी पालथं खेळू द्या. ग्राइप वॉटरची गरज नाही.

दिवसाचा ढेकर सासूबाई काढतील, रात्री बाळाला पाजून सरळ उताणं ठेवायचं, असं दोघींनी ठरवलं. कुशीवर झोपून पाजलं असेल तर पिऊन झाल्यावर उताणं करायचं, तोंडातून थोडं दूध ओघळलं तरी घाबरायचं नाही.

हिरवी उलटी, ओकलेल्या दुधात रक्त, लांब उडणारी वारंवार उलटी, टणक फुगलेलं पोट, पिणं नाकारणं किंवा वजन थांबणं यांपैकी काहीही दिसलं तर मात्र ढेकराची वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या. हिरवी उलटी झाली तर त्याच घटकेला.