वजनाच्या आधी कंबर मोजा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं. या वेळचा विषय वजन. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतनं बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ६६ किलो. मोबाईलवर बीएमआय काढला तर २६.६ आला, तिथं नुसतं ‘ओव्हरवेट’ लिहिलंय. आमचे डॉक्टर म्हणतात हा लठ्ठपणाच. खरं कोणाचं? आणि मी जेवते कमीच, तरी घरी सगळे म्हणतात तू चोरून खात असशील. (राजारामपुरी)

ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. मोबाईलवरचा तक्ता जागतिक मापाचा असतो, त्यात २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळी मापं ठरवली, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. कारण असं की तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, शुगर-बीपीही लवकर गाठतात.

पण बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, बस्स एवढंच. बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो हे बघायला ते सूत्र काढलं होतं, आजार ओळखायला नव्हे. चरबी किती आणि ती कुठं साठलीय हे त्यातनं कळत नाही. ते कळायला शिंप्याकडची टेप बरी. साडी किंवा पँट जिथं बांधतो तिथं नाही, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, पोट आत ओढायचं नाही, नेहमीसारखा श्वास सोडला की आकडा बघायचा. बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की तपासण्या करायला हव्यात. आणि कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे तुमची साधारण ७९ च्या आत.

आता घरच्यांच्या बोलण्याबद्दल. मला याचा फार राग येतो. वजन वाढायच्या प्रवृत्तीत ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो, जुळ्या भावंडांच्या अभ्यासातनं हे कळलंय. शिवाय १९९४ मध्ये लेप्टिन नावाचं हार्मोन सापडलं, ते चरबीतच तयार होतं आणि साठा किती आहे हे मेंदूला कळवतं. तुम्ही डाएट करून चार किलो उतरवलंत की लेप्टिन पडतं, मेंदूला वाटतं उपासमार चाललीय, भूक वाढते आणि शरीर खर्चही कमी करतं, म्हणून काटा अडकतो नाहीतर परत वर जातो. त्यात झोप कमी, बाळंतपणात वाढलेलं वजन, काही औषधं, म्हणजे स्टेरॉइड, इन्सुलिन, फिटची किंवा मानसिक आजाराची काही औषधं, हेही असतं. यातलं काही चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलंय त्यांना विचारा. ६६ चे ५० करायचं टेन्शन घेऊ नका, पहिले साडेतीन किलो उतरले आणि टिकले तरी शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांत फरक दिसायला लागतो.

प्रश्न : मी फाउंड्रीत कामाला, वय ४१. पहिल्यापासून बारीकच, हातपाय काड्या, फक्त पोट थोडं सुटलंय. उंची ५ फूट ७, वजन ६४. कंपनीच्या हेल्थ कॅम्पमध्ये एचबीए१सी ६.१ आलं. आमच्यात लई जाड माणसं हायत त्यांना काय नाही आणि मला शुगर कशी? मशीन चुकलं असंल का? (शिरोली)

मशीन बहुतेक चुकलेलं नाही दादा, तरी रिपोर्ट एकदा लॅबमध्ये परत करून घ्या. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी. ६.१ म्हणजे अजून डायबेटिस नाही, पण त्याच्या आधीची पायरी आहे. साडेसहाला डायबेटिस म्हणतात.

तुमचा बीएमआय २२ च्या आसपास, म्हणजे कागदावर एकदम नॉर्मल, आणि म्हणूनच तुमच्यासारखी माणसं आमच्या हातातनं निसटतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनी मोजली, ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, म्हणजे आपली बाळं चांगलीच हलकी, पण ती स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बारीक होती, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. ही ठेवण आईच्या पोटातनंच येते, त्यात तुमचा दोष नाही.

आणि पोटावरची जी चरबी चिमटीत येते तिच्यापेक्षा आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये बसलेली जास्त त्रास देते. तिथनं सुटणारी फॅटी ॲसिड थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात, लिव्हरवर चरबी चढते, इन्सुलिनचा असर कमी होतो, मग स्वादुपिंड दुप्पट इन्सुलिन काढत बसतं आणि काही वर्षांनी थकतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ लिहून आलं की लोक म्हणतात सगळ्यांनाच असतंय, असं म्हणून कागद फाईलला लावून टाकू नका.

आता करायचं काय. तुम्ही वजन फार उतरवायच्या मागे लागू नका, तुम्हाला स्नायू वाढवायचेत. आठवड्यातनं दोनतीनदा बैठका, जोर किंवा वजनं, आणि रोज अर्धा तास झपझप चालणं. रंकाळ्यावर जायला जमत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या आवारात चाला. उसळ, अंडी, डाळ वाढवा, भात आणि पाव कमी. मिसळ खायची तर मटकी जास्त घ्या, कट बेताने, आणि दुसरा पाव नको. चहा शिफ्टमध्ये पाच-सहा वेळा होत असेल तर साखर तिथंच मोजा. सेंद्रिय गूळ घातला म्हणून चालतंय हा समज आपल्याकडे फार आहे, शुगरच्या बाबतीत गूळ आणि साखर जवळजवळ सारखंच. अमेरिकेत २००२ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात तुमच्याच पायरीवरच्या लोकांमध्ये व्यायाम आणि खाण्यातल्या बदलाने डायबेटिस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं, ती माणसं तुमच्यापेक्षा बरीच जाड होती पण उपाय तुम्हालाही लागू आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा.

प्रश्न : वडील ५६ वर्षांचे, तरुणपणी तालमीत होते, खासबागला कुस्त्या मारल्यात. आता वजन १०२, उंची ५ फूट ९, कंबर ४६ इंच. बीपीच्या तीन गोळ्या चालू तरी बीपी चढंच. रात्री एवढं घोरतात की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही, दुपारी दुकानात बसल्या बसल्या झोपतात. काही बोललं की म्हणतात पैलवानाचं अंग आहे. (मंगळवार पेठ)

तुमच्या वडिलांचं म्हणणं तिशीत असतानाचं खरं होतं. कसलेल्या पैलवानाचा बीएमआय ३० च्या वर जातो आणि तो स्नायूंचा असतो, तिथं बीएमआय फसवतोच. पण मेहनत सुटली, दूध-तूप-मटण तसंच राहिलं, की स्नायू आटतात आणि त्या जागी चरबी येते, काट्यावर फरक कळत नाही. कंबर ४६ इंच म्हणजे ११७ सेंटिमीटर, ते स्नायू नाहीत.

मला त्यांच्या घोरण्याची जास्त काळजी वाटते, वजनाचं नंतर बघू. घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतात आणि मग दचकल्यासारखा श्वास घेतात का, हे आईंना विचारा. तसं असेल तर ते स्लीप ॲप्निया असायची शक्यता मोठी. मानेत, जिभेत चरबी साठून झोपेत श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन पडतो, मेंदू जागं करतो, असं रात्रभर. त्यामुळे तीन गोळ्यांनी बीपी उतरत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होतात, स्ट्रोकचा धोका वाढतो. निदान होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते, हायवेला डुलकी लागून माणसं गेलेली मी बघितलीत. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी करा, घरी करता येते. झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मास्कचं मशीन लागलं तर लाजू नका, पहिले पंधरा दिवस अवघड जातं, मग झोप कशी असते ते त्यांनाच कळेल.

आणखी एक, त्यांचा दंड जाड असणार, बीपी घेताना मोठा पट्टा वापरायला सांगा, लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त येतं. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), ईसीजी झालं नसेल तर करा. १० किलो उतरले तरी घोरण्यात, गुडघ्यात आणि बीपीत फरक पडतो. भूक कमी करायची इंजेक्शनं आता आपल्याकडे मिळतात, त्यांनी चांगलं वजन उतरतं, पण थांबवली की बऱ्याच जणांचं परत चढतं, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. जिमवाल्याने दिलेली बिनलेबलची पावडर तर अजिबात नको.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, दहावीत. दोन वर्षांत १४ किलो वाढली. मान काळी पडलीय, कितीही घासली तरी जात नाही, पाळी चार-चार महिने येत नाही. थायरॉइड केलं, नॉर्मल आलं. मग कशानं? (उचगाव)

मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाही, रक्तात इन्सुलिन जास्त झालं की मानेला, काखेत कातडी अशी काळी आणि मखमली होते. थायरॉइड नॉर्मल आलं तर तो विषय सोडा, थायरॉइड कमी असल्याने सहसा थोडेच किलो वाढतात आणि त्यातही मीठ-पाणीच बरंच असतं. एक खूण सांगते, वजन वाढताना मुलीची उंचीही बरोबर वाढत असेल तर हार्मोनचा दुर्मिळ आजार असायची शक्यता कमी, उंची थांबली असेल तर मात्र लगेच दाखवायचं.

मोठ्यांचा बीएमआय तिला लावू नका. १८ पर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात, वय आणि उंचीप्रमाणे. बालरोगतज्ज्ञांकडे उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, एसजीपीटी (लिव्हरसाठी), लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी बघून घ्या. पाळी तीन महिन्यांवर लांबतेय तर स्त्रीरोगतज्ज्ञही हव्यात, पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबणारा त्रास, असू शकतं.

आणि तिला ताटावर बसल्यावर बोलू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. बोलून वजन कमी होत नाही, पोरी जेवण टाळतात आणि मग रात्री एकट्या खातात. क्लास आणि शाळेच्या मध्ये तिला तासभर मोकळा द्या, झोप आठ तास, बिस्किटं-भडंगाचे डबे घरातच कमी आणा, सगळ्यांसाठी. दवाखान्यात जाताना पाळीच्या तारखा आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी बरोबर न्या.