रक्ताने माखलेल्या चेहऱ्याची ती बेलारूसी खेळाडू कोण, आणि तिचा फोटो एवढा का फिरतो?

तुम्ही म्हणता तो फोटो माझ्याकडेही वर्षातून दोन-तीनदा येतो. खाली बहुधा लिहिलेलं असतं, ‘चालण्याच्या शर्यतीतली खेळाडू’. ती वोल्हा माझुरोनाक, बेलारूसमधल्या पिन्स्कची. आधी ती चालण्याच्या शर्यतींत उतरायची हे खरं, पण तो फोटो मॅरेथॉनचा आहे. १२ ऑगस्ट २०१८, बर्लिन, युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा. शर्यत सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात तिचा घोळणा फुटला. तशीच धावत राहिली. शेवटच्या टप्प्यात चुकीच्या वळणाला लागली, मागे पडली, परत येऊन फ्रान्सच्या क्लेमाँस काल्व्हँला गाठलं आणि ६ सेकंदांनी सुवर्णपदक जिंकलं. वेळ २ तास २६ मिनिटं २२ सेकंद. असा फोटो लोक पुढे पाठवणारच, त्यात नवल नाही. रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ती पाचवी आली. ते मात्र कुणी पाठवत नाही.

मला खरं वाईट वाटतं ते चालण्याच्या शर्यतीचं. कॉलेजात दोन वर्षं मी ५ किलोमीटर चालायचे. पुढचं पाऊल टेकल्यापासून तो पाय सरळ उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघा वाकवायचा नाही, आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले पंचांच्या नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. चालताना कंबर बघणाऱ्याला विचित्र वाटेल अशी हलते ती यामुळेच, सगळी पुढची ढांग कमरेतून काढावी लागते. मैदानाच्या कडेला उभी असलेली मुलं हसायची. आता त्याच कमरेच्या क्लिप फिरतात, खाली हसरे चेहरे.

बेलारूसच्याच रीता तुरावाचं नाव तुम्ही ऐकलंय का? २००५ ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत २० किलोमीटरचं रौप्य, पुढच्या वर्षी गोटेबर्गला युरोपियन सुवर्ण, १ तास २७ मिनिटं ८ सेकंदांत. भागाकार करून बघा: किलोमीटरला साधारण ४ मिनिटं २१ सेकंद, तेही चालत! आमच्या रविवारच्या गटात या वेगाने २० किलोमीटर धावू शकणारा एकच जण आहे. तिची थोरली बहीण आलेस्या हिने २००२ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा, जागतिक विक्रम केला होता. एका घरात दोघी अशा, आणि नेटवर दोघींची म्हणावी तशी दखल नाही.

माझुरोनाकचं कौतुक जरूर करा, तिने ते कमावलंय. पण तिच्या नावावरून चालण्याच्या शर्यतीकडे वळलाच असाल, तर एक शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. पहिली दहा मिनिटं कमरेकडे बघू नका, पुढच्या पायाच्या गुडघ्याकडे बघा.